कमी तेल-मिठाची उसळ सपक का लागते आणि चव नेमकी कधी घालायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रक्तदाबामुळे घरात तेल आणि मीठ दोन्ही कमी केलंय. रात्री बहुतेक वेळा मटकीची किंवा चवळीची उसळ, नाहीतर राजमा, आणि सोबत भात असतो. कितीही मसाला घाला, जेवण सपकच लागतं. गोडा मसाला दुप्पट केलात तर उसळ कडवट झाली, आणि आंबटपणा मुरावा म्हणून आमसुलं सुरुवातीलाच टाकलीत तर दाणे टणक राहिले. आता आणखी कोणता मसाला आणू, असं तुम्ही विचारलंय.

नवा मसाला आणू नका. तुम्ही लिहिलेली कृती अशी आहे: कडधान्य नुसत्या पाण्यात कुकरला लावायचं, पाणी ओतून टाकायचं, चमचाभर तेलात मसाला परतायचा, दाणे आणि ताजं पाणी घालून एक उकळी आणायची. यात दाणा आतून अळणी राहतो आणि मसाला बाहेरच्या पाण्यात. पळीभर तेल आणि चमचाभर मीठ असतं तेव्हा हे कळत नाही, कारण रस्साच इतका जोरदार असतो की आतल्या पिठूळ दाण्याकडे लक्ष जात नाही. तेल-मीठ निम्मं केलं की ते लगेच लक्षात येतं. म्हणून बदलायचं ते काय घालता हे नाही, कधी घालता हे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. मीठ किती चालेल ते डॉक्टरांनी सांगितलेलं प्रमाण. जागतिक आरोग्य संघटनेची निरोगी प्रौढांसाठीची शिफारस दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सगळं मिळून जेमतेम एक छोटा चमचा, अशी आहे. तुम्हाला त्याहून कमी सांगितलं असेल तर खालचे आकडे तेवढे उतरवा. बाजारात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं, त्यामुळे मूत्रपिंडाचा त्रास किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर ते विचारल्याशिवाय वापरू नका. पाणी बोअरचं, जड असेल आणि कडधान्य दोन वर्षांपूर्वीचं असेल, तर शिजण्याच्या वेळाही माझ्या वेळांशी जुळणार नाहीत.

प्रमाण सगळीकडे एकच धरतो: आमटीची १५० मिलीची वाटी भरून कोरडं कडधान्य, साधारण १२५ ग्रॅम. भाताबरोबर तीन माणसांना पुरतं. चमचा म्हणजे ५ मिलीचा.

सुरुवात भिजवण्यापासून. राजमा, काबुली चणे, काळे वाटाणे, चवळी ही मोड न आणता करायची कडधान्यं मिठाच्या पाण्यात भिजवा. अर्धा लिटर पाण्याला १ चमचा मीठ. मीठ आधी घातलं की कडधान्य शिजत नाही असं आपल्याकडे सर्रास सांगतात, ते खरं नाही. सालीतल्या पेक्टिनला, म्हणजे पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणाऱ्या पदार्थाला, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घट्ट धरून ठेवतात. मिठातलं सोडियम त्यांची थोडी जागा घेतं आणि साल उलट मऊ पडते, कमी फुटते. दाणा स्वतःच्या वजनाइतकं पाणी पितो, म्हणजे जास्तीत जास्त सव्वा ग्रॅम मीठ आत जातं. बाकीचं ओतून द्यायच्या पाण्याबरोबर जातं. हे सव्वा ग्रॅम तुमच्या हिशोबात धरा, पण ते दाण्याच्या आत असल्यामुळे त्याचा उपयोग वरून घातलेल्या तेवढ्याच मिठापेक्षा जास्त होतो. मटकी आणि मूग मात्र साध्या पाण्यात भिजवा, मिठाच्या पाण्यात नीट मोड येत नाहीत.

दाणे टणक राहण्याचं कारण म्हणजे बहुतेक वेळा आंबट किंवा जड पाणी. आमसूल, चिंच, टोमॅटो, कैरी यांतल्या आम्लामुळे साल मऊ व्हायला फार वेळ लागतो, म्हणून दाणा बोटानं सहज चिरडला जाईपर्यंत आंबट काहीही घालायचं नाही. राजमा आणि टोमॅटो एकत्र कुकरला लावण्याची सवय असेल तर ती मोडा. जड पाण्यावर गाळलेलं पिण्याचं पाणी हा सरळ उपाय. ते नसेल तर भिजवताना मिठाऐवजी चिमूटभर खायचा सोडा, आणि शिजवण्यापूर्वी पाणी बदलून दाणे धुवायचे. सोडा जास्त झाला तर साबणासारखी चव येते आणि ब जीवनसत्त्वही वाया जातं. सोड्यातही सोडियम आहे, तेव्हा तो रोजचा करू नका.

राजम्याबद्दल एक इशारा. कच्च्या राजम्यात असणाऱ्या एका प्रथिनामुळे उलट्या-जुलाब होतात. किमान ५ तास भिजवून ते पाणी टाकायचं आणि नव्या पाण्यात खळखळून उकळायचं: १० मिनिटं तरी हवीच, ३० असतील तर उत्तम. कुकरमध्ये ही काळजी मिटते. परदेशात मंद आचेवर दिवसभर शिजवायचं विजेचं भांडं वापरतात, त्यात कच्चा राजमा थेट टाकू नये. पुरेसं तापमानच गाठलं जात नाही.

शिजवताना पाणी दाण्यांच्या वर दोन बोटं, त्यात आलं ठेचून एक तुकडा, एखादं तमालपत्र, दोन चिमटी हिंग आणि पाव चमचा मीठ. हळदही इथेच. शिट्ट्या मोजण्यापेक्षा पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करून मिनिटं मोजा. रात्रभर भिजलेल्या राजम्याला १५ ते १८ मिनिटं, काबुली चण्यांना आणि काळ्या वाटाण्यांना २० ते २५, चार तास भिजलेल्या चवळीला ५ ते ६. वाफ आपोआप जाऊ द्या. शिट्टी उचलून वाफ सोडली की आतलं पाणी एकदम उसळतं, साली फाटतात आणि रस्सा गढूळ होतो.

आणि ते शिजवलेलं पाणी ओतू नका! तुमच्या कृतीतलं सगळ्यात मोठं नुकसान तिथे होतंय. पुरणाची डाळ शिजल्यावर वरचं पाणी काढून आपण त्याची कटाची आमटी करतो, मुगाचं कढण करतो, कुळथाचं पाणी सारासाठी ठेवतो. राजम्याचं आणि चवळीचं पाणीही तितकंच कामाचं आहे. रश्श्याला दाटपणा आणि चव त्यातूनच येते, आणि ती तेलाशिवाय येते. भिजवलेलं पाणी टाकायचं, शिजवलेलं ठेवायचं. डबाबंद राजमा वापरणार असाल तर मात्र उलट करा. त्या पाण्यात मीठ भरपूर असतं, ते टाकून दाणे दोनदा धुऊन घ्या.

आता फोडणी. तीन माणसांच्या उसळीला २ चमचे तेल पुरतं, म्हणजे माणशी ३ ग्रॅमच्या आसपास. अडचण ही की मोठ्या कढईत २ चमचे तेल पसरून जातं, मोहरी त्यात बुडत नाही, अर्धी तडतडते आणि अर्धी कच्ची, कडू राहते. म्हणून लोखंडी पळी किंवा फोडणीचं छोटं कढलं घ्या. कमी तेलाच्या स्वयंपाकात एकच वस्तू विकत घ्यायची असेल तर ही घ्या. पळीत तेवढंच तेल खोल राहतं आणि चांगलं तापतं. हिंग, मोहरी, जिरं, मिरची यांचा वास पाण्यापेक्षा तेलात जास्त उतरतो, तेव्हा जे थोडं तेल आहे त्यातून वास पुरेपूर निघाला पाहिजे.

तेल तापल्यावर मोहरीचे दोन दाणे टाकून बघा. लगेच उडाले तर अर्धा चमचा मोहरी. तडतड ओसरली की पाव चमचा जिरं, मग हिंग, पुसून कोरडा केलेला कढीपत्ता. आच बंद. आता तिखट अर्धा चमचा, दहा सेकंद हलवायचं आणि कडधान्याच्या पाण्याची एक पळी घालायची. तिखट चालू आचेवर टाकलं तर एवढ्याशा तेलात ते क्षणात करपतं, आणि मग उसळभर जळका वास राहतो. लसूण हवा असेल तर मोहरीच्या आधी गार तेलात चार ठेचलेल्या पाकळ्या टाकून मंद आचेवर बदामी करा आणि बाजूला काढा. शेवटी वरून घाला.

मसाल्याच्या बाबतीत तुमची उसळ कडवट का झाली, तर गोड्या मसाल्यात दगडफूल, लवंग, दालचिनी असते आणि ती प्रमाणाबाहेर गेली किंवा तेलात जास्त परतली गेली की कडूच लागते. वाटीभर कडधान्याला १ चमचा, फार तर सव्वा. तो आधीच भाजून कुटलेला असतो, त्याला पुन्हा परतायची गरज नाही. रश्श्यात घालून १० मिनिटं मंद उकळू द्या. त्यातली शेवटची दोन चिमटी मागे ठेवा आणि आच बंद केल्यावर घाला, कारण उकळीत वास उडून जातो. कोल्हापूर-साताऱ्याकडचा कांदा-लसूण मसाला वापरत असाल तर त्यात मीठ आणि तेल आधीच असतं, वरून मीठ घालताना ते लक्षात ठेवा. मराठवाड्याकडचा काळा मसाला आणि मालवणी मसाला बहुतेक घरांत बिनमिठाचा असतो, पण विकतच्या पाकिटावर घटक वाचूनच घ्या.

वाटणाबद्दल लोक फसतात. तेल कमी केलं म्हणून समाधान मानायचं आणि भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं घसघशीत वाटण घालायचं. सुक्या खोबऱ्याच्या वजनात निम्म्याहून जास्त चरबी असते. तीन चमचे किसात, १५ ग्रॅम धरलं तर, जवळजवळ २ चमचे तेलाइतकी चरबी आली. मालवणी काळ्या वाटाण्यांची उसळ खोबऱ्याशिवाय करू नये हे माझं मत आहे, पण ती आठवड्यातून एकदा करा, रोज नाही. रोजसाठी कांदा. अख्खा कांदा सालीसकट गॅसच्या जाळीवर ठेवा, साल काळी होऊन आतून मऊ पडेपर्यंत १५ मिनिटं फिरवत भाजा. साल काढून दोन लसूण पाकळ्या, आलं आणि १ चमचा भाजलेले तीळ घालून वाटा. तेलाचा थेंब नाही, तरी भाजकेपणा आणि गोडसरपणा दोन्ही येतात. दाटपणासाठी शिजलेल्या दाण्यांपैकी दोन डाव दाणे पळीच्या पाठीनं चेपून रश्श्यात मिसळा. हे वाटण बर्फाच्या साच्यात घालून गोठवता येतं, एका वेळेला दोन वड्या पुरतात.

आंबट शेवटी, पण वगळायचं नाही. कमी मिठाच्या जेवणात आंबटपणा मिठाचं निम्मं काम करतो. आमसुलं ३, शेवटची ५ मिनिटं. चिंचेचा कोळ सुपारीएवढ्या चिंचेचा, तोही ५ मिनिटं उकळून, नाहीतर कच्चट लागतो. लिंबू आच बंद केल्यावरच, उकळलं तर वास जातो. टोमॅटो वेगळा शिजवून, आटवून मगच राजम्यात घाला. इथे लपलेलं मीठ आगळात, म्हणजे कोकमाच्या दाट रसात, असतं. आमसुलंही बऱ्याचदा मीठ लावून वाळवलेली असतात, ती एकदा धुऊन घ्या. गूळ सुपारीच्या निम्म्याएवढा, आणि मधुमेह असेल तर अजिबात नाही. भाजलेल्या कांद्याचा गोडवा पुरतो.

मोडाच्या मटकीचं एक गणित क्रमानं सांगतो, म्हणजे हे सगळं एकत्र कसं बसतं ते दिसेल. मटकी ८ तास भिजवून, उपसून, फडक्यात १२ ते १८ तास बांधून ठेवा. अर्ध्या बोटाएवढे मोड पुरे, फार लांब झाले की दाणा पोकळ लागतो. कढईत पळीतली फोडणी ओता, त्यात बारीक चिरलेला कांदा पाण्याच्या शिंतोड्यांवर ४ मिनिटं परता, मटकी घाला. कुकर नको, मोडाची मटकी त्यात गाळ होते. कढईवर ताटली ठेवून ताटलीत पाणी ओता. वर पाणी असल्यामुळे ताटली फार तापत नाही, वाफ तिच्याखाली थंडावून वासासकट परत उसळीत पडते आणि बूड लागत नाही. ताटलीतलं गरम झालेलं पाणीच लागेल तसं आत घालायचं. १० मिनिटांनी अर्धा चमचा मीठ आणि गोडा मसाला, अजून ५ मिनिटांनी आमसूल आणि गुळाचा खडा, आणखी ५ मिनिटं. आच बंद करून झाकून अर्धा तास ठेवा. हा अर्धा तास गाळू नका, कारण दाणा निवताना रस्सा आत घेतो. खाण्याआधी गरम करा आणि मगच चमचाभर ओलं खोबरं, कोथिंबीर, कच्चा कांदा.

मीठ सगळं मिळून अर्धा ते पाऊण चमचा झालं, माणशी एक ते सव्वा ग्रॅमच्या आसपास. त्यातलं थोडं शेवटी, वाढताना घालण्यासाठी राखून ठेवलंत तर जिभेला ते आधी लागतं आणि एकूण कमी पुरतं. राजम्यात भिजवतानाचं मीठ धरलेलं आहे, म्हणून तिथे शिजवतानाच्या पाव चमच्यानंतर वरून फक्त आणखी पाव चमचा.

भाताकडे कुणी बघत नाही, पण ताटातला निम्मा भाग तोच आहे. पातळ आमटी-उसळीबरोबर आंबेमोहोर किंवा इंद्रायणी, थोडा चिकट. घट्ट राजम्या-चवळीबरोबर कोलम किंवा हातसडीचा. आंबेमोहोराला स्वतःचा वास आहे, त्यात काही घालू नका. कोलम मात्र कोरड्या कढईत ३ मिनिटं, रंग न बदलता भाजून घ्या, मग धुऊन दुप्पट पाण्यात शिजवा. किंचित खमंग लागतो. हातसडीच्या तांदळाला अर्धा तास भिजवणं आणि अडीचपट पाणी. पाण्यातलं निम्मं पाणी चवळी शिजवलेलं वापरून बघा. तसा भात नुसत्या ताकाबरोबरही चालतो.

कडधान्य आणि भात एकाच भांड्यात करायचे तर डाळिंबीभात करा. कडवे वाल भिजवून मोड आणा, कोमट पाण्यात टाकून सोला. १ वाटी तांदळाला पाऊण वाटी सोललेल्या डाळिंब्या. डाळिंब्या फोडणीत २ मिनिटं परतून थोड्या पाण्यात निम्म्या शिजवा, मगच तांदूळ, गोडा मसाला आणि आधणाचं पाणी घाला. दोन्ही एकदम घातले तर तांदूळ होतो आणि वाल कच्चे राहतात. उलथन्यानं ढवळू नका, डाळिंब्या फुटतात. मासे चालत असतील तर धुतलेले सात-आठ सोडे (सुकवलेली कोळंबी) फोडणीत टाका, मसाला निम्मा केला तरी चालेल.

ताटात एक कुरकुरीत आणि एक तिखट वस्तू हवी, नाहीतर मऊ उसळ आणि मऊ भात चौथ्या घासाला कंटाळवाणा होतो. शेव-फरसाणात तेल आणि मीठ दोन्ही परत येतं. त्याऐवजी विस्तवावर भाजलेला नाचणीचा किंवा पोह्याचा पापड अर्धा (पापडातही मीठ असतं, म्हणून अर्धा), काकडीची बिनफोडणीची कोशिंबीर, आणि जवसाची किंवा कारळाची कोरडी चटणी. चटण्या घरी करा: १ वाटी जवस भाजून, ६ सुक्या मिरच्या, ८ पाकळ्या लसूण, १ चमचा जिरं आणि फक्त पाव चमचा मीठ. विकतच्या चटणीत मीठ टिकण्यासाठीही घातलेलं असतं.

तुम्ही रोज रात्री आठनंतर स्वयंपाकाला लागता असं लिहिलंय, म्हणून शेवटचं. तीन वाट्या राजमा किंवा चणे रविवारी एकदम शिजवा, त्यांच्याच पाण्यात बुडवून तीन डब्यांत भरा. एक फ्रिजमध्ये, दोन फ्रीजरला. पाण्याविना ठेवलेला दाणा कोरडा पडतो आणि साल सुटते. भात मात्र असा साठवायचा तर शिजल्यावर पसरून तासाभरात गार करून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वाफ निघेपर्यंत गरम करा. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात वाढणारे जंतू जे विष तयार करतात ते पुन्हा गरम करूनही जात नाही. फ्रीजरमधला डबा सकाळी खाली काढला की रात्री फक्त पळीतली फोडणी, दोन वड्या वाटण आणि १५ मिनिटांची मंद उकळी एवढंच उरतं.